पहिला डॅक बनवताय? चिप सगळ्यात शेवटी निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे नाशिकला आयटीत नोकरी करतात. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स होतं, पण सोल्डरिंगला हात बसलेला नाही. वडिलांचा ऐंशीच्या दशकातला स्टीरिओ अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घरात आहेत, आणि एक रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढा छोटा संगणक) ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलाय. पाच हजारांच्या आत स्वतःचा डॅक, म्हणजे गाण्याचे डिजिटल आकडे अँप्लिफायरला चालणाऱ्या अॅनालॉग सिग्नलमध्ये बदलणारं सर्किट, बनवायचा आहे. 'ईएस९०३८ची चिप घेऊ, की आर-टू-आरची (नुसत्या रेझिस्टरांची) शिडी स्वतःच बनवू? आणि ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ पाहिजेच ना?'

आधी एक कडू गोळी. पाच हजारांत फक्त चांगला आवाज हवा असेल तर तयार डोंगल (फोन-लॅपटॉपला लावायचा चिमुकला डॅक) घ्या आणि गाणी ऐका. डॅक घरी बनवून पैसे वाचत नाहीत. माझ्या पहिल्या डॅकला सुटे भाग, जळलेले भाग आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या फेऱ्या धरून जेवढा खर्च आला, तेवढ्यात त्या काळी बरा सीडी प्लेअर आला असता. पण आत काय चालतं ते समजून घ्यायची खाज असेल तर पुढे वाचा, कारण ती खाज डोंगलने भागत नाही.

तुम्ही प्रश्न चिपचा विचारलाय, पण अडचण चिपची नाही. आजची पाच-सहा रुळलेली चिप मॉडेलं घेतली तर कुठलीही तुमच्या अँप्लिफायरपेक्षा आणि स्पीकरपेक्षा पुष्कळ पुढे आहे. १६ बिटांच्या सीडीचा सैद्धांतिक आवाका सुमारे ९८ डेसिबल. पंखा चालू असलेल्या खोलीत त्याचा खालचा तिसरा भाग पंख्यातच बुडून जातो. २४ बिटांचं गणित १४६ डेसिबलपर्यंत जातं, पण तिथे पोहोचणारी ऑडिओ चिप आजवर कुणी बनवलेली नाही. ३२ बिट हा आत येणाऱ्या आकड्याच्या डब्याचा आकार आहे, बाहेर पडणाऱ्या आवाजाची शुद्धता नव्हे. तेव्हा तो आकडा डोक्यातून काढून टाका.

खरी अडचण अशी की डॅक अर्धा डिजिटल आणि अर्धा अॅनालॉग असतो. सॉफ्टवेअरवाल्या माणसाचं लक्ष डिजिटल भागावर जातं, कारण तो ओळखीचा. पण तो भाग बहुधा एक तर चालतो किंवा चालत नाही. 'थोडासा वाईट' वाजण्याची कारणं दुसऱ्या अर्ध्यात असतात. डॅक काय करतो? आलेला आकडा घेतो, त्याला एका संदर्भ व्होल्टेजने गुणतो आणि ठरलेल्या क्षणी बाहेर सोडतो. आकडा बरोबर असतोच. संदर्भ व्होल्टेज हलत असेल तर ते हलणं थेट गाण्याशी गुणलं जातं, आणि बहुतेक साध्या चिपमध्ये हा संदर्भ अॅनालॉग सप्लायवरूनच बनतो. क्षण चुकला तर बरोबर आकडा चुकीच्या वेळी बाहेर पडतो, म्हणजे तोही चुकलाच.

त्या क्षणाच्या चुकीला जिटर म्हणतात आणि तिच्याभोवती पुष्कळ धूप जाळला जातो, म्हणून हिशोबच करू. पूर्ण आवाजातली २० किलोहर्ट्झची साइन लहर घेतली आणि हा क्षण ठरवणारं डॅकचं घड्याळ १ नॅनोसेकंदाने डगमगलं, तर होणारी चूक मूळ लहरीच्या ७८ डेसिबल खाली येते. १०० पिकोसेकंद असेल तर ९८ डेसिबल खाली, म्हणजे १६ बिटांच्या तळाशी. पण २० किलोहर्ट्झला पूर्ण आवाजात कोण गातं? १ किलोहर्ट्झच्या आसपास तोच १ नॅनोसेकंद १०४ डेसिबल खाली जातो. मथितार्थ, घड्याळ महत्त्वाचं आहे, पण पहिल्याच डॅकसाठी हजारो रुपयांचा क्रिस्टल ऑसिलेटर आणण्याइतकं नाही. वीज आणि ग्राउंड त्याच्या कितीतरी आधी तुम्हाला छळतील.

आता तुमचे दोन पर्याय. ईएस९०३८क्यू२एमला पायच नाहीत. क्यूएफएन प्रकारची ती चिमुकली चिप, जोड चिपच्या पोटाखाली. हॉट एअर आणि सरावलेला हात नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. आर-टू-आर शिडी दिसायला सोपी, दोनच किमतींचे रेझिस्टर. पण १६ बिटांसाठी सगळ्यात वरच्या बिटाचा रेझिस्टर साधारण ६५,५३६ मध्ये एक, म्हणजे ०.००१५ टक्क्यांपर्यंत जुळावा लागतो. दुकानात मिळणारे १ टक्क्याचे मेटल फिल्म घेतले तर सातेक बिटांच्या पुढे अर्थ उरत नाही. ८ बिटांची शिडी अर्डुइनोवर जरूर करून बघा. एका रविवारात होते, आणि डॅक म्हणजे काय ते हाताला कळतं. ऐकायला मात्र ती बेसूर.

तिसरा मोह कुणी ना कुणी दाखवेलच: फिलिप्सच्या जुन्या टीडीए१५४१ए किंवा टीडीए१५४३ या डॅक चिप, त्याही ओव्हरसँपलिंगशिवाय (म्हणजे मधले आकडे भरून न घेता). मी स्वतः त्यातूनच सुरुवात केली. जुन्या बाजारातून बंद पडलेला सीडी प्लेअर आणला आणि त्यातली आठ पायांची टीडीए१५४३ उपसली. ती वाजली. मग हाव सुटली आणि एका दुकानातून चार 'नव्या' टीडीए१५४१ए घेतल्या. पृष्ठभाग घासून वर नवं छापलेलं होतं. एकही धड चालली नाही, आणि चूक माझ्या सर्किटात शोधण्यात माझा एक महिना गेला. या चिपचं उत्पादन कधीच थांबलंय, त्यामुळे बाजारात 'नवी कोरी' दिसली की संशय घ्यायचा. शिवाय ओव्हरसँपलिंग नसलं की ४४.१ किलोहर्ट्झवर २० किलोहर्ट्झपाशी आवाज सुमारे ३.२ डेसिबलने उतरतो. लोक ज्याला 'ऊबदार' म्हणतात त्यातला बराच भाग हा उतार असतो, असं माझं मत.

म्हणून पहिल्या डॅकसाठी माझं उत्तर कंटाळवाणं आहे: पीसीएम५१०२एचं तयार मॉड्यूल. काही शे रुपयांत मिळतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही चिप तीन तारांवर चालते, मास्टर क्लॉक, म्हणजे मूळ घड्याळाचा ठोका, वेगळा मागत नाही (बिट क्लॉकवरून स्वतःच बनवते), आणि २.१ व्होल्ट आरएमएसचं आउटपुट शून्याभोवती फिरवून देते, म्हणजे पुढे मोठा कपलिंग कंडेन्सर लागत नाही. अॅनालॉग भागात तुम्ही चुकू शकाल अशा जागा हिच्यात सगळ्यात कमी आहेत.

जोडणी आयटूएसने, म्हणजे एका चिपकडून दुसरीकडे आवाजाचे आकडे नेण्याच्या ठरलेल्या पद्धतीने होते. ही पद्धत फिलिप्सने १९८६ साली मांडली आणि अजूनही तीच चालू आहे. एका तारेवर बिट क्लॉक (प्रत्येक बिटाचा ठोका), दुसरीवर डावा-उजवा सांगणारा वर्ड क्लॉक, तिसरीवर डेटा. तुमच्या रास्पबेरी पायवर बिट क्लॉक १२ नंबरच्या पिनवर, वर्ड क्लॉक ३५वर आणि डेटा ४०वर. ५ व्होल्ट २ नंबरवरून आणि ग्राउंड ६वरून घ्या. कॉन्फिग फाइलमध्ये 'हायफायबेरी-डॅक' हा डीटीओव्हरले (जोडलेल्या हार्डवेअरची ओळख देणारं सेटिंग) चालू करा. तारा बोटभर लांब ठेवा आणि सोबत जवळच्याच पिनवरून आणखी एक ग्राउंड न्या. आयटूएस एकाच बोर्डावरच्या दोन चिपसाठी आहे, खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला नेण्यासाठी नाही. पुढे स्वतःचा बोर्ड कराल तेव्हा प्रत्येक तारेच्या सुरुवातीला ३३ ओहमचा रेझिस्टर टाका, कडा शांत होतात.

आता पहिल्या दिवशी आवाज येणार नाही, हे गृहीत धरा. या मॉड्यूलच्या पाठीवर चार सोल्डर जंपर असतात आणि काही वेळा ते रिकामेच येतात. पहिला, दुसरा आणि चौथा 'लो'कडे, तिसरा 'हाय'कडे. तिसरा म्हणजे म्यूटची पिन. ती वर खेचली नाही तर चिप तोंड शिवून बसते. पुढच्या बाजूला एससीकेचा जंपर ग्राउंडला लागलेला हवा, म्हणजे मास्टर क्लॉक बाहेरून येणार नाही हे चिपला कळतं. निम्म्या 'डॅक चालत नाही' तक्रारी या पाच थेंब सोल्डरवर मिटतात.

तरीही चालत नसेल आणि ऑसिलोस्कोप नसेल तर साधा मल्टिमीटर पुष्कळ सांगतो. गाणं चालू ठेवून डीसी व्होल्टवर बिट क्लॉकची तार मोजा. चौकोनी लहर निम्मा वेळ ३.३ व्होल्ट आणि निम्मा वेळ शून्य असते, म्हणून मीटर साधारण १.६५ दाखवतो. वर्ड क्लॉकवरही तेच. तिथे ० किंवा ३.३ दिसला तर घड्याळ पोहोचतच नाही, चिपला दोष देऊ नका. मीटरवर फ्रिक्वेन्सी असेल तर वर्ड क्लॉकवर ४४.१ किलोहर्ट्झ दिसायला हवेत.

आणखी एक खूण सांगतो, ही पुस्तकात सहसा नसते. हळू आलाप स्वच्छ ऐकू येतोय, पण तान जोरात गेली की आवाज भयंकर फाटतोय, असं झालं तर बिटांची सरकासरक झालीय. आयटूएसमध्ये वर्ड क्लॉक बदलल्यावर एक बिट थांबून मग डेटा सुरू होतो. लेफ्ट-जस्टिफाइड पद्धतीत लगेच. पाठवणारा लगेच सुरू करतोय आणि चिप एक बिट थांबतेय, तर सगळ्यात वरचा, म्हणजे चिन्हाचा बिट गळतो. लहान आकड्यांत दुसरा बिटही तोच असल्याने काही बिघडत नाही, फक्त आवाज ६ डेसिबलने वाढतो. मोठा आकडा आला की उणेचा अधिक होतो आणि स्पीकर किंचाळतो. मी एका संध्याकाळी हे अँप्लिफायर बिघडलाय समजून त्याचे ट्रान्झिस्टर बदलत बसलो होतो. म्हणून पहिल्या चाचणीला वडिलांचे स्पीकर लावू नका. पन्नास रुपयांचा जुना स्पीकर आणि एखादा पडीक कॉम्प्युटर स्पीकरचा अँप लावा, व्हॉल्यूम तळाशी ठेवा. हेडफोन तर थेट लावूच नका. ही चिप १ किलोओहमच्या खालच्या भारासाठी नाही आणि हेडफोन बहुतेक ३२ ओहमचे असतात.

इथवर आलात की तुमच्याकडे वाजणारी, भरवशाची एक गोष्ट आहे. पुढचा प्रत्येक बदल तिच्याशी ताडून बघता येतो, आणि एका वेळी एकच बदल करायचा. मी शिकवलेल्या पोरांपैकी जे अडकले ते सगळे याच्या उलट्या वाटेने गेले: नवा बोर्ड, नवी चिप, नवा सप्लाय, सगळं एकदम, आणि मग चूक नेमकी कुठे तेच कळेना.

पहिला बदल विजेचा करा. रास्पबेरी पायच्या ५ व्होल्टवर प्रोसेसरचा सगळा गोंधळ स्वार झालेला असतो. गाणं थांबवून व्हॉल्यूम वाढवा आणि पायला काहीतरी काम द्या, बारीक किरकिर ऐकू येते का बघा. येत असेल तर मॉड्यूलला वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड मात्र समाईक. सुरुवातीला पॉवर बँकही चालते. तिच्यातही स्विचिंग असतंच, पण भिंतीतल्या विजेशी नातं तुटतं, आणि निदानासाठी तेच हवं. पुढे ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि एलएम३१७ घेऊन स्वतःचा ३.३ व्होल्ट बनवता येईल: २४० आणि ३९० ओहमने ३.२८ व्होल्ट येतात. एक सावधगिरी, एलएम३१७ला आउटपुटपेक्षा दोनेक व्होल्ट जास्त हातात लागतात, त्यामुळे ५ व्होल्टच्या चार्जरवरून ३.३ काढायला गेलात तर तो काठावर धापा टाकतो. ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. आणि २३० व्होल्टच्या बाजूचं काम आयुष्यात पहिल्यांदा करत असाल तर कुणा जाणत्याला शेजारी बसवा. फ्यूज फेजच्या तारेत, धातूचा डबा अर्थिंगला, उघड्या जोडांवर स्लीव्ह. यात 'नंतर करू' असं काही नसतं.

डिकपलिंगसाठी (सप्लायचे झटके चिपपाशीच शोषून घ्यायला) प्रत्येक सप्लाय पिनला चिकटून १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर, ज्याला दुकानात '१०४' म्हणून मागायचं. चिकटून म्हणजे खरोखर चिकटून, दोन-तीन मिलिमीटर. झिरो पीसीबीवर तो दोन इंच लांब लावून वर 'कंडेन्सर आहे की' म्हणणारे मी पाहिलेत. आउटपुटला ४७० ओहम आणि २.२ नॅनोफॅरडचा फिल्टर असतो, तो दीडशे किलोहर्ट्झच्या वरचा कचरा कापतो. तिथे मात्र साधा एक्स७आर सिरॅमिक नको. व्होल्टेज बदललं की त्याची किंमत बदलते, आणि सिग्नलच्या वाटेत ते म्हणजे विकृतीच. सीओजी किंवा फिल्म कंडेन्सर वापरा.

मग येते गुणगुण. तिच्यावर मी आयुष्याचे किती रविवार घातले ते विचारू नका. आधी ती कोणती ते कानाने ठरवा. जाड, गोल ५० हर्ट्झची घूं असेल तर बहुतेक ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जाणं) किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा प्रताप. १०० हर्ट्झची खरखरीत असेल तर रेक्टिफायरनंतरचा फिल्टर कमी पडतोय. एका डॅकची घूं मी दोन आठवडे शोधत होतो. ग्राउंड पुन्हा ओढले, ट्रान्सफॉर्मर फिरवला, डबा बदलला. शेवटी लक्षात आलं की त्याच अँप्लिफायरला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला होता, आणि केबलवाल्याची तार आपलं वेगळंच ग्राउंड घेऊन घरात शिरत होती. ती काढली, घर शांत. तुमच्याकडे गुणगुण आली तर आधी अँप्लिफायरच्या बाकी सगळ्या वायरी काढा, मग लॅपटॉपचा चार्जर काढा. दोन पिनांचा चार्जर काढल्यावर आवाज गेला, तर दोष डॅकचा नाही.

वडिलांच्या अँप्लिफायरबद्दल एक गोष्ट. त्या काळातल्या बऱ्याच मॉडेलांना मागे पाच पिनांचे डिन सॉकेट असतात. तसं असेल तर टेप किंवा ऑक्सच्या सॉकेटला २ नंबर ग्राउंड, ३ डावा, ५ उजवा. 'मॅग्नेटिक' किंवा फोनो लिहिलेल्या सॉकेटला चुकूनही जोडू नका, तिथे रेकॉर्ड प्लेअरसाठीची वेगळी दुरुस्ती बसवलेली असते. या अँप्लिफायरांना २००-२५० मिलिव्होल्ट पुरतात आणि तुमचा डॅक २.१ व्होल्ट देणार. मग व्हॉल्यूमची खुंटी जरा हलली की घर हलतं, आणि वर आवाज चोंदल्यासारखा. दोष डॅकवर येतो. प्रत्येक चॅनलला १० किलोओहम सिरीजमध्ये आणि १.२ किलोओहम ग्राउंडला लावा, सव्वादोनशे मिलिव्होल्ट राहतील. दोन-चार रुपयांचं काम आहे आणि माझ्या अंदाजाने तुम्हाला सगळ्यात जास्त फरक इथेच जाणवेल. तुमचं मॉडेल माहीत नसल्याने आकडा थोडा मागे-पुढे होईल, मागच्या पॅनलवर किंवा माहितीपत्रकात इनपुट सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते ती बघा.

दोन सेटिंग्जची तुलना करताना एक पथ्य: आधी पातळी जुळवा. २०० हर्ट्झचा टोन वाजवा, मल्टिमीटर एसीवर ठेवून आउटपुट मोजा, आणि दोन्हीतला फरक एक-दीड टक्क्याच्या आत आणा. थोडं मोठं वाजणारं नेहमी 'चांगलं' वाटतं, माझ्यासारख्या जुन्या कानांनाही. मग बायकोला किंवा भावाला पडद्याआड तारा बदलायला सांगा. अनेक महागडे फरक त्या पडद्यापाशीच विरघळतात. विजेचा फरक मात्र बरेचदा टिकतो.

आता दुसरा बोर्ड. तीन-चार महिने पहिला वाजल्यावर, हात बसल्यावर, तीच पीसीएम५१०२ए सुटी आणा आणि स्वतःचा दोन थरांचा पीसीबी करा. खालचा थर अखंड ग्राउंड, मधून एकही रेघ न ओढता. तिचे पाय ०.६५ मिलिमीटरवर आहेत. बघून धडकी भरते, पण भरपूर फ्लक्स, बारीक टोक, ६३/३७चं सोल्डर आणि उरलेलं शोषायला वीक असेल तर जमतं. पहिली चिप वाया जाणार म्हणून तीन मागवा. त्यानंतर घड्याळाकडे वळा. पाय ३मध्ये १९.२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे. त्यातून ४४.१चं कुटुंब पूर्णांकात निघत नाही, म्हणून तो काही ठोके लांब, काही आखूड करून सरासरी साधतो. इलाज असा की २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन ऑसिलेटर डॅकच्या शेजारी बसवायचे आणि पायला त्यांच्या तालावर चालवायचं. त्यासाठी मास्टर होऊ शकणारी दुसरी चिप लागेल. करंट आउटपुटवाली चिप, तिचा ऑपअँप आणि दुहेरी सप्लाय हा मुक्काम त्याच्याही पुढचा. ईएस९०३८ तेव्हा बघू.

पाच हजारांचा हिशोब: मॉड्यूल, बरं तापमान-नियंत्रित सोल्डरिंग स्टेशन, मल्टिमीटर, फ्लक्स, वीक, मूठभर रेझिस्टर-कंडेन्सर आणि डिनची पिन. यात सगळ्यात महाग सोल्डरिंग स्टेशन पडेल, आणि तिथे कंजुषी करू नका. सुट्या भागांसाठी पुण्या-मुंबईची चक्कर होणार असेल तर बुधवार पेठ किंवा लॅमिंग्टन रोडला एक दिवस काढा. यादी लिहून न्या, नाहीतर दुकानदार 'ये चलेगा' म्हणून भलतंच हातात ठेवतो.

मॉड्यूल आलं आणि तरी आवाज आला नाही तर परत लिहा. सोबत बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो द्या, जंपर स्पष्ट दिसतील असे, आणि तीन आकडे: ३.३ व्होल्टची पिन, बिट क्लॉक आणि वर्ड क्लॉक, गाणं चालू असताना मोजलेले.